सावलीतून घेतलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुनी स्पीड गन आहे. फेकलेला चेंडू किती वेगाने आला, ते सांगणे एवढेच माझे काम. माझ्या पडद्यावर आजवर हजारो आकडे उमटले आणि पुसले गेले. त्यातल्या एका आकड्याची मात्र मला अजून लाज वाटते. आज तेच सांगायला बसले आहे.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटातून न दिसणाऱ्या लहरी निघतात, चेंडूवर आपटून परत येतात आणि मग मी आकडा दाखवते. माझ्या डब्यात एक माहितीपुस्तिकाही होती. तिच्या चौथ्या पानावर लिहिले होते, की मला चेंडूच्या अगदी समोर धरावे, बाजूने धरल्यास आकडा कमी येतो. ते पान कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

एका अमेरिकन इंजिनिअरबरोबर मी सौदी अरेबियात अबकैकच्या तेल कंपनीच्या वसाहतीत आले. काही वर्षांनी त्याची नोकरी संपली आणि इथल्या रिवाजाप्रमाणे त्याने जाताना घरातले सगळे सामान अंगणात विकायला मांडले. उदय नावाच्या मराठी इंजिनिअरने एका राइस कुकरबरोबर मला उचलले. मी कुकरबरोबर विकली गेले, याचे मला तेव्हा वाईट वाटले होते. आता वाटत नाही. कुकर निदान आपले काम नीट करतो.

सुरुवातीची वर्षे मजेची होती. शुक्रवारी सकाळी रत्नागिरीकडच्या मंडळींचे क्रिकेटचे सामने होत आणि उदय मला घेऊन जाई. स्वतःला तुफान समजणाऱ्या गोलंदाजांना मी ताशी शंभर किलोमीटर दाखवले, की ते माझ्यातच दोष काढत. मी मनातल्या मनात हसे. मला फार भाव होता त्या दिवसांत. कोणी माझ्यावर हात ठेवून फोटोही काढत असे.

मग उदय वसाहतीतल्या मुलांना बेसबॉल शिकवू लागला. तिथे झयान आला. त्याचे वडील गफूर हर्णैजवळच्या गावचे, प्रकल्पावर परांची बांधणाऱ्या टोळीचे मुकादम. झयान सोळा वर्षांचा, बोलायला कमी, पण त्याने चेंडू फेकला की पकडणाऱ्याच्या हातमोज्यातून असा आवाज येई, की बाजूच्या मैदानावरची मुले वळून बघत. उदयने त्याचे व्हिडिओ एका अमेरिकन क्लबच्या माणसाला पाठवले. परदेशातली होतकरू मुले शोधणे हेच त्या माणसाचे काम होते. त्याचे उत्तर आले, की मुलगा चांगला दिसतो, वेग किती आहे ते मोजून कळवा.

उदयने गफूरना मैदानाच्या कडेला बसवून सगळे समजावले. त्यांना प्रश्न पडला होता, की एवढे श्रीमंत क्लब, त्यांना एका पोराचे काय जड?

"गफूरभाई, विमानाच्या सामानासारखं आहे हे," उदय म्हणाला. "क्लब कितीही श्रीमंत असू दे, बाहेरच्या देशांतली नवीन मुलं घ्यायला वर्षाला ठरावीकच पैसे खर्चता येतात. तीस किलो म्हणजे तीस किलो. फार तर दुसऱ्या क्लबच्या बॅगेतली थोडी जागा मागून घेता येते. जानेवारीत नवी बॅग उघडते, पण ती आधीच भरत आलेली असते. कॅरिबियनमधल्या पोरांना दोन-दोन वर्षं आधी शब्द दिलेला असतो."

"मंग आमच्या पोराला जागा कुठली?"

"जानेवारीच्या बॅगेत कोपऱ्यात थोडी उरलीय म्हणतात. ताशी चौऱ्याऐंशी मैलांचा, म्हणजे एकशे पस्तीस किलोमीटरचा, वेग दिसला तर ती झयानसाठी राखून ठेवतील."

"आणि नाय दिसला तर?"

"तर दुसऱ्याला देतील. शिवाय अगदी लहान रकमा असतात, त्या हँडबॅगेसारख्या, वजनात धरत नाहीत. पण थोड्या पैशांत आणलेल्या मुलाला परत पाठवतातही लवकर. ज्याच्यावर खर्च नाही, त्याच्यासाठी कोण थांबणार?"

गफूरनी मान हलवली. त्यांचे कंत्राट पुढच्या मे महिन्यात संपणार होते. मग सगळ्यांनी गावी परतायचे, आणि हर्णैला बेसबॉल कुठला? तेव्हा जे व्हायचे ते त्याआधीच.

तो ऑगस्ट महिना होता. दुपारचे चार वाजले होते आणि पारा सत्तेचाळीसवर होता. मी उभे राहायला हवे होते पकडणाऱ्याच्या पाठीमागे, जाळीला टेकून, भर उन्हात. पण दहा-बारा पावले बाजूला पत्र्याची शेड होती आणि तिच्याखाली पाण्याचा कूलर होता. उदय वाईट माणूस नाही. तो शेडखाली गेला, त्याने घाम पुसला आणि तिथूनच मला रोखले. झयान मात्र उन्हातच उभा होता. त्याने वीस चेंडू फेकले. मी तिरक्या नजरेने पाहिले आणि तिरकेच सांगितले, ऐंशी. एकोणऐंशी. पुन्हा ऐंशी.

मला दिसत होते हो. चेंडू माझ्याकडे येतच नव्हता, माझ्या बाजूने जात होता. पण मला तोंड नाही, फक्त पडदा आहे. उदयने ऐंशी आकडा पाठवला. आठवड्याने उत्तर आले, की यंदा जमणार नाही. झयानने तो मेसेज वाचला, "इट्स ओके, अंकल," म्हणाला आणि चेंडू गोळा करायला गेला. तो पाठमोरा होता, म्हणून त्याचा चेहरा मला दिसला नाही. बरेच झाले.

फेब्रुवारीत मुलांची एक स्पर्धा होती आणि तो क्लबचा माणूस स्वतः आला. त्याच्याकडे स्वतःची स्पीड गन होती. तो सरळ जाळीमागे जाऊन उभा राहिला. झयानच्या पहिल्याच चेंडूला त्याच्या गनवर आकडा आला पंच्याऐंशी. मग शहाऐंशी. त्याने वही मिटली आणि उदयला विचारले, की ऑगस्टमध्ये तुम्ही कुठून मोजले होते?

"समोरूनच," उदय म्हणाला. "पण आमची गन जुनी आहे. सेल उतरले असतील."

मी उदयच्याच पिशवीत होते. माझे सेल नवे होते. आरोप खोटा होता, पण मला राग आला नाही, कारण चुकीचा आकडा माझ्याच पडद्यावर उमटला होता.

त्या माणसाने सांगितले, की कोपऱ्यातली जागा सप्टेंबरातच दुसऱ्या मुलाला दिली, जानेवारीत सह्याही झाल्या. आता मनात असले तरी क्लबला रक्कम वाढवता येत नाही. हँडबॅगेतले आठ हजार डॉलर तेवढे उरले होते. त्यावर झयानला त्यांच्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या शिबिरात नेता येईल. उत्तर रविवारपर्यंत हवे.

शुक्रवारी नमाजनंतर गफूरनी उदयला घरी बोलावले. मी पिशवीत होतेच. झयानच्या आईने, अमिरुन्निसाने, चहा आणून ठेवला आणि ती दाराशी उभी राहिली.

"उदयसाहेब, मला खेळातला काय कळत नाय," गफूर म्हणाले. "एकच सांगा. पोर ऐंशीचा की पंच्याऐंशीचा? ऐंशीचा असेल आणि परवा नशिबानं आकडा चढला असेल, तर मी त्याला एवढा लांब पाठवणार नाय. सहा महिन्यांत परत यायचा आणि शाळा पण जायची. पंच्याऐंशीचा असेल तर जाऊ दे."

उदयने कप खाली ठेवला. तो गप्प राहिला असता, तर झयानचे खेळणे त्या चहाबरोबरच संपले असते.

"पंच्याऐंशीचा," तो म्हणाला. "ऑगस्टमध्येही पंच्याऐंशीचाच असणार. गनचा दोष नव्हता, गफूरभाई. ऊन फार होतं, म्हणून मी शेडखालून मोजलं. समोरून मोजायला हवं होतं. त्याची खरी जागा माझ्यामुळे गेली. मला लाज वाटते."

अमिरुन्निसा आत निघून गेली. झयान जमिनीकडे बघत होता. गफूर ओरडले नाहीत. त्यांनी आपले काळवंडलेले हात मांडीवर ठेवले.

"साहेब, मला बोलवायचं होतंत," ते म्हणाले. "मी धरली असती. मी रोज उन्हातच असतो."

मित्रांनो, रविवारी गफूरनी होकार कळवला. एप्रिलमध्ये झयान हँडबॅगेएवढ्या रकमेवर शिबिरात गेला. त्याला तिथे किती दिवस ठेवतील, कोणालाच ठाऊक नाही. विमानतळावर उदय गेला होता, पण तो लांबच उभा राहिला, असे मी ऐकले.

आता मी त्याच्या कपाटात मऊ कापडात गुंडाळलेली असते. तो माझे सेल वेळेवर बदलतो आणि मला उन्हात जाळीमागेच धरतो. माझी काळजी आता नीट घेतली जाते, पण त्याने माझी लाज कमी होत नाही. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माझ्यासारखी एखादी वस्तू कधी तुमच्या हातात आली आणि तुम्ही ती एखाद्या मुलावर रोखलीत, तर त्याच्या अगदी समोर उभे राहा. तो उन्हात असेल तर तुम्हीही उन्हात उभे राहा. सोसत नसेल, तर त्या दिवशी आकडा पाठवू नका.