काउंटरच्या बाहेरची बाजू

मित्रांनो, मी एक जुना, जाड, पांढरा कप आहे. ओठाशी एक हिरवी रेघ आणि कानापाशी टवका, एवढीच माझी ओळख. ओहायो नदीकाठच्या एका भट्टीत मी भाजून निघालो. माझं अंग इतकं जाड आहे की आत कॉफी उकळती असली तरी धरणाऱ्याला पत्ता लागत नाही. हा माझा मोठा गुण आहे, असं मला पुष्कळ दिवस वाटत असे.

माझं आयुष्य गेलं पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळशाच्या गावी, हुडाक नवराबायकोच्या डायनरमध्ये, म्हणजे छोट्याशा खानावळीत. आमच्याकडची डायनर आगगाडीच्या डब्यासारखी लांबट असतात. कारखान्यात अख्खी तयार होतात, ट्रकवर बसून गावात येतात आणि दिवस फिरले की तशीच ट्रकवर बसून निघून जातात. आत एक लांब काउंटर. त्याच्या बाहेर स्टुलांवर गिऱ्हाइकं, आत व्हर्ना, आणि तिच्या पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून, तव्यापाशी एमिल.

व्हर्ना ऐंशीच्या म्हाताऱ्या ट्रकवाल्यालाही 'बाळा' म्हणायची. कप अर्धा झाला की न विचारता भरायची. ऑर्डर ती मान न वळवता मागे फेकायची आणि एमिलही मान न वळवता 'आलंच' म्हणायचा. एवढ्याशा जागेत दोघं कधी एकमेकांना धडकली नाहीत. गिऱ्हाइकं त्यांचं कौतुक करायची आणि माझंही करायची, कारण माझ्यात कॉफी गरम राहायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

एका हिवाळ्यात एमिल गेला. व्हर्ना रडली नाही. दफन आटोपून आली ती थेट काउंटर पुसायला लागली. गावाने कुजबुज केली. थंडी सरल्यावर कुणीतरी डायनर विकत मागायला आला आणि जुना कोट देऊन टाकावा तसं तिने ते देऊन टाकलं. ट्रकवर चढून ते निघालं तेव्हा तिने साधं वळूनही पाहिलं नाही. मी तेवढा मागे राहिलो, कारण पुसता पुसता तिने मला आपल्या पर्समध्ये टाकलं होतं. खरं सांगतो, मलाही काही वाटलं नाही. पर्समध्ये अंधार होता, एवढंच.

तिच्या धाकट्या बहिणीला, आयरीनला, हे बघवेना. तिने गाडी काढली. रस्त्यातली जुनी डायनर बघत बघत जाऊ आणि शेवटी तुझं बघू, ते ओहायोत उभं केलंय म्हणे, असं ती म्हणाली. व्हर्ना निघाली. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

मग सुरू झाला आमचा प्रवास. जिथे थांबावं तिथे तीच लाल दिव्यांची पाटी, तीच फिरती स्टुलं, काचेच्या कपाटात तेच केक. व्हर्ना मला काउंटरवर ठेवायची आणि माझ्यात कॉफी घ्यायची, पण गिऱ्हाईक होऊन बसणं तिला काही जमेना. शेजारच्याच्या बशा गोळा करायची. एके ठिकाणी तर तिने कॉफीचं भांडं उचललं आणि ओळीने सगळ्यांचे कप भरत सुटली. तिथली वाढणारी बाई फणकारली. आयरीनची हसून मुरकुंडी वळली. व्हर्ना हसली नाही आणि ओशाळलीही नाही.

गाडीत ती एकदाच मोकळं बोलली. "आयरीन, मला काहीच वाटत नाही गं. ना दुःख, ना भूक. लोक म्हणतात, ही बाई दगड आहे. मला आता भीती वाटते. माझा जीव होता तरी का त्याच्यावर?"

"वेडी आहेस तू," आयरीन म्हणाली. ती गाडी चालवत राहिली.

आमचं डायनर एका चौकात उभं होतं. पत्रा घासून लखलखीत केला होता, नाव बदललं होतं, आत गर्दी होती. व्हर्ना दारातून शिरली आणि पायांच्या सवयीने सरळ काउंटरच्या आत गेली. नवा मालक डेल, तरुणच होता, आडवा आला.

"बाई, गिऱ्हाइकांनी आत यायचं नसतं. तुम्ही बाहेर बसा, मी आणतो काय हवं ते."

आयरीन भांडायला सरसावली, पण व्हर्नाने तिला थांबवलं. ती बाहेर आली, एका स्टुलावर बसली आणि मला पुढ्यात ठेवलं. स्वतःच्या डायनरमध्ये ती पहिल्यांदाच या बाजूला बसत होती. डेलने मला काठोकाठ भरलं.

समोर तव्यापाशी कुणी आचारी अंडी फोडत होता. आम्हाला त्याची पाठ दिसत होती. घामाने भिजलेला सदरा, एप्रनची गाठ, मानेवर आलेले केस. व्हर्ना बराच वेळ बघत राहिली.

"तव्यापाशी एमिल असा दिसायचा होय," ती म्हणाली. "सगळ्या गावाने बघितला. मीच नाही बघितला."

आयरीन तिच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली.

"या बाजूला बसलं की पाठीमागे कुणीच नसतं गं. इतकी वर्षं माझ्यामागे तो होता. होता म्हणूनच मला कळलं नाही."

ती तेव्हाही रडली नाही. पण त्या पाठीवरची नजर न हटवता तिने मला उचललं आणि माझ्यातली कॉफी काउंटरवर सांडली. ती पुसायला व्हर्ना उठली नाही. आयरीनने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने राहू दिला.

निघताना व्हर्नाने मला तिथेच ठेवलं. आता मी पुन्हा रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. मला जपा, नीट धुवा, असं मी मागत नाही. माझं मागणं वेगळं आहे. मित्रांनो, घरात, दुकानात, शाळेत तुमच्या पाठीमागे कुणीतरी रोज राबत असेल. त्याचा आवाज ओळखीचा असतो, म्हणून बघायचं राहून जातं. हातातलं काम क्षणभर खाली ठेवा, वळा आणि त्याचा चेहरा बघून घ्या.