सीसी, हॉर्सपॉवर आणि आईचा डोळा

राजाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बेळगावच्या टिळकवाडीत सकाळी दहाला होतं. तारीख दोन महिन्यांनी मिळालेली. खानापूरकडच्या त्यांच्या गावाहून बेळगाव तासाभराचं. साडेसातलाच दोन मुलगे दोन गाड्या घेऊन अंगणात हजर होते, आणि अडचण नेमकी तीच होती.

थोरल्या रवळूची अँबेसिडर, डिझेलवरची. धाकट्या भावकूची पद्मिनी, कागलहून आणलेली, एमएच नंबरची. आईला कुणी नेलं हे गाव वर्षभर विचारणार होतं, आणि दोघांनाही उत्तरात स्वतःचं नाव हवं होतं.

"चौदाशे एकोणनव्वद सीसी!" रवळूने बॉनेटवर थाप मारली. "तुजी हजार एकोणनव्वद. आयेला काय डब्यातनं न्हेतोस, भावक्या?"

"सीसी चाटतोस व्हय, अण्णा? हॉर्सपॉवर बोल. तुजी सदतीस, माजी चाळीसच्या वर. आन वजन? रेडा हाय तुजा. निम्मं डिझेल सोताला वडायलाच जातंय."

"रेडा हाय म्हणूनच मागं तिघं झोपत्यात."

"आरं, धाला टाइम दिलाय," राजाबाई म्हणाल्या. त्यांना दोन्ही गाड्या सारख्याच धुरकट दिसत होत्या.

आमच्याकडे यात्रेत दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने बांधतात. जो फरफटत मागे जाईल तो हरला. यात्रेतली साखळी रवळूच्या गोठ्यात होती, त्यामुळे निर्णयपद्धतीवर भावांचं लगेच एकमत झालं. त्या दिवसातलं ते शेवटचं.

अँबेसिडरने काळा धूर सोडला, पद्मिनीने अंगण उकरलं. चार सेकंदांत पद्मिनीचा मागचा बंपर सुटला, साखळीसकट उडाला, अँबेसिडरची मागची काच फोडून आत शिरला आणि रवळूचा अर्धा डावा कान घेऊन डॅशबोर्डवर विसावला. कोण जिंकलं, हा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या वादग्रस्त राहिला.

रवळू स्टार्टिंग हँडल घेऊनच उतरला. पहिल्या फटक्यात भावकूचं मनगट मोडलं. दुसरा पद्मिनीच्या हेडलाइटवर बसला. तो भावकूला जास्त लागला. त्याने डोक्याने रवळूचं नाक फोडलं. दोघं चिखलात आडवे झाले. चिखल रक्ताचाच होता. चर्चा मात्र थांबली नाही.

"अ‍ॅव्हरेज सांग!" भावाचा गळा आवळत रवळू ओरडला.

"चौ... चौदा!"

"खोटं!" रवळूने त्याचं डोकं टायरवर आपटलं. भावकूने रवळूचा अंगठा दाढेत धरला आणि हाड लागेपर्यंत सोडला नाही. लिटरमागे किलोमीटरचा विषय तिथे थांबला.

रवळूची बायको दिपाली सासूचा हात धरून दोघांना वळसा घालून फाट्यावर गेली. आठची बस मिळाली. ऑपरेशन वेळेवर झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली तेव्हा खाटेच्या दोन बाजूंना मुलगे उभे होते. एकाचा कान शिवलेला, दुसऱ्याचा हात प्लास्टरमध्ये.

"आये, माज्या गाडीतनं चल," रवळू म्हणाला. "मागची काच न्हाय, गार वारं लागंल."

"वाऱ्यानं डोळा जाईल तिचा, रेड्या! आये, तू माज्यात बस."

राजाबाईंनी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची काठी मागून घेतली. पहिला तडाखा बरोबर टाक्यांवर बसला, दुसरा बरोबर प्लास्टरवर. टाके तुटले, प्लास्टरला तडा गेला. राजाबाईंनी काठी परत दिली आणि दिपालीला बसची वेळ विचारली.

दारात उभ्या डॉक्टरांनी नजर तपासायचा तक्ता घडी करून ठेवला.