सहाच्या सहा

बंद पडलेल्या थिएटरात रविवारी सकाळी दहाला बसायला जागा उरत नसे. पडदा कधीच फाटून गेला होता. त्याच्या जागी पांढरी चादर लावून समोर खुर्ची मांडलेली, आणि खुर्चीत स्वतःला ‘अंतर्यामी’ म्हणवणारा गृहस्थ. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा सदरा आणि मधात बुडवून काढलेला आवाज.

‘‘मी काही सांगत नाही हो,’’ तो म्हणाला, ‘‘माझ्याकडून सांगून घेतलं जातं. मी नुसता नळ आहे. पाणी वरून येतं. ज्यांना अनुभव आलाय त्यांनी उभं राहावं.’’

पन्नासेक माणसं उठली. शिंपी उठला, बँकेतला कारकून उठला, एक निवृत्त हेडमास्तरही उठले. ‘‘सहाच्या सहा!’’ जो तो म्हणत होता. त्यांच्याबरोबर आलेले नातेवाईक हात जोडून बघत होते.

मागच्या रांगेत कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांना आणलं होतं मामांनी. मामा म्हणजे विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेतले परिचर. बावीस वर्षं काचेची नळी न फोडता धुणारा माणूस. मामींच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. आणि त्याच सुमारास मामांच्या मोबाइलवर मेसेज यायला लागले होते. क्रिकेटची मालिका चालू होती. सामन्याच्या दिवशी सकाळी मेसेज यायचा, ‘आज नाणेफेक यजमान जिंकतील’ किंवा ‘पाहुणे जिंकतील’. सहा सामने झाले. सहाही वेळा तसंच घडलं. सातवा मेसेज मात्र नाणेफेकीचा नव्हता: ‘घरातल्या आजारपणाचं आम्हाला ठाऊक आहे. भेटायला या.’

त्या रविवारी अंतर्यामीने मामींच्या कपाळाकडे बघत सांगितलं, ‘‘लोखंड लावू नका. तेल लावा. तीन महिन्यांत गाठ विरघळेल.’’ तेलाची बाटली अर्थातच तिथेच मिळत होती.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘मामा, योगायोग असतो हा. तारीख चुकवू नका.’’

‘‘योगायोग एकदा होतो, बाई. दोनदा होतो. सहादा?’’

बाईंनी मनात गणित केलं. चौसष्टात एक. खरं सांगायचं तर त्या गणिताने त्यांचीच जीभ अडखळली. ‘‘तरीपण,’’ एवढंच त्या म्हणाल्या. आणि ‘तरीपण’वर कुणी ऑपरेशन करून घेत नाही.

हा विषय डोक्यातून जाईना, म्हणून त्यांनी चाचणी परीक्षेत प्रश्नच घातला: ‘एका व्यक्तीने सलग सहा नाणेफेकींचे निकाल आधीच अचूक सांगितले. निव्वळ अंदाजाने असे घडण्याची संभाव्यता काढा व निष्कर्ष लिहा. गुण पाच.’ मुलांना विचार करायला लावावं, हा त्यांचा हेतू. पण आदर्श उत्तर लिहायची वेळ आली तेव्हा हात पुस्तकाच्या वळणानेच गेला. ‘संभाव्यता ०.०१५६. ती पाच टक्क्यांहून कमी असल्याने हा केवळ योगायोग मानता येत नाही.’ सही केली, तारीख घातली. सूचनाफलकावर लावायला कागद मामांच्या हातात दिला.

मामांनी तो लावला. लावण्याआधी दोनदा वाचला, आणि त्याची एक झेरॉक्स काढून घेतली.

शस्त्रक्रियेच्या तारखेला मामी घरी तेल चोळत बसल्या होत्या.

हे बाईंना कळलं नाही. मामांनी नुसतं सांगितलं, ‘‘आराम आहे.’’ बाईंनीही जास्त खोदून विचारलं नाही. गठ्ठ्यात एकशे दहा पेपर होते, वर परिषदेसाठी शोधनिबंध लिहायचा होता. निकाल लागायला दोन महिने गेले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगी पेपर घेऊन स्टाफरूममध्ये आली. सगळे शिक्षक तिला ‘शंकासुर’ म्हणत. दर तासाला हात वर.

‘‘मॅडम, या प्रश्नाला मला शून्य दिलंय.’’

‘‘उत्तर कुठे लिहिलंयस तू? नुसतं लिहिलंस, ‘माहिती अपुरी आहे. त्याने एकूण किती जणांना सांगितलं?’ अगं, तुला उत्तर काढायचं होतं, प्रश्न विचारायचा नव्हता.’’

‘‘पण ते कळल्याशिवाय उत्तर निघतच नाही! मलाही आले होते तसले मेसेज. तीन बरोबर आले. चौथा चुकला. मग यायचेच बंद झाले.’’

बाई उठल्या आणि प्रयोगशाळेत जाऊन मामांचा मोबाइल मागून घेऊन आल्या. दोन्ही मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. पहिले तीन मेसेज शब्दाला शब्द सारखे. चौथा, त्याच दिवशी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. मामांना: ‘यजमान जिंकतील’. मुलीला: ‘पाहुणे जिंकतील’.

‘‘दोघांना दोन उत्तरं,’’ मुलगी म्हणाली. ‘‘एक तर बरोबर येणारच ना.’’

बाई तशाच वर्गावर गेल्या. मालिका सुरू होण्याआधी कॉलेजच्या फाटकाशी कुणीतरी मुलांकडून, कर्मचाऱ्यांकडून मोफत आरोग्य तपासणीचे फॉर्म भरून घेतले होते. नाव, मोबाइल नंबर, घरात कुणाला काय आजार. वर्गातल्या एकाहत्तर जणांनी तो भरला होता. छत्तीस जणांचा पहिलाच मेसेज चुकला होता. कुणाचा तरी चुकीचा नंबर लागला असेल म्हणून त्यांनी तो तसाच सोडून दिला होता. सतरा जणांचा दुसरा चुकला, दहांचा तिसरा, चौघांचा चौथा, तिघांचा पाचवा. सहाच्या सहा आलेला एकच होता. वर्गात पहिला येणारा. तो खाली मान घालून म्हणाला, ‘‘मी दर रविवारी जातो, मॅडम.’’

बाईंनी फळ्यावर लिहिलं. गावभरातून बत्तीसशे नंबर गोळा केले समजा. निम्म्यांना हे सांगायचं, निम्म्यांना ते. चुकलेल्यांना सोडून द्यायचं. सोळाशे, आठशे, चारशे, दोनशे, शंभर, पन्नास. थिएटरातले पन्नास! त्यांच्यातला एकही खोटं बोलत नव्हता. खोटे पडलेले एकतीसशे पन्नास घरी बसले होते, आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

रविवारी बाई, शंकासुर आणि वर्गातली चाळीस मुलं थिएटरात गेली. खुर्चीमागे भिंतीवर एक फ्रेम लावलेली होती. आत झेरॉक्स. बाईंचं अक्षर, बाईंची सही, ‘केवळ योगायोग मानता येत नाही’. वर लाल शाईत लिहिलेलं, ‘विज्ञानाची साक्ष’.

‘‘ज्यांची श्रद्धा काठावरची,’’ अंतर्यामी मुलांकडे बघून मधाळपणे म्हणाला, ‘‘त्यांच्यापर्यंत संदेश अशुद्ध पोहोचतो. नळ स्वच्छ आहे, भांडं खरकटं आहे.’’

‘‘मग भांड्यात पडायच्या आधीच वेगळं पाणी कसं सोडलंत?’’ मुलगी दोन्ही मोबाइल उंच धरून म्हणाली. ‘‘एकच दिवस, एकच मिनिट. यांना यजमान, मला पाहुणे. आणि या चाळीस जणांना काय काय पाठवलंत, तेही वाचू का?’’

ती वाचत गेली. सातव्या-आठव्या नावाला कारकून उठून पुढे आला, मोबाइलची तारीख स्वतः पाहिली आणि खाली बसला. शिंप्याने मुलीला शिवी हासडली. या गोंधळात अंतर्यामी चादरीमागे गेला तो मागच्या दाराने पसार झाला. चादरीमागे एक जाडजूड वही सापडली. पानोपानी नंबर, आणि बहुतेकांवर लाल रेघा. मामांच्या नंबरापुढे लिहिलं होतं, ‘बायको, गाठ’.

मामांनी ते वाचलं. मग फ्रेमकडे बघत हळूच विचारलं, ‘‘बाई, हे तर तुम्हीच लिहिलं होतं ना?’’

‘‘हो, मामा. मीच.’’

ऑपरेशन झालंच नाही, हे मामांनी तेव्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः मामींना इस्पितळात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, रिपोर्ट दोनदा पाहिले आणि मामांना बाहेर बसवून बाईंना म्हणाले, ‘‘तेव्हा आला असतात तर काढून मोकळे झालो असतो. आता यकृतात पोहोचलंय.’’

मामी पाच महिने जगल्या. अंतर्यामीवर गुन्हा नोंदवला गेला. तो सापडला नाही. शिंपी अजून म्हणतो, त्या पोरीने देवमाणूस घालवला.

मामा कामावर परत आले. नळ्या धुतात. बाईंशी तुटकपणे बोलतात, आणि बाईंना ते रास्त वाटतं.

मुलीचं शून्य खोडून बाईंनी पाच केले. बाकीच्या एकशे नऊ जणांचे निष्कर्षाचे गुण कापले आणि वर्गासमोर उभं राहून सांगितलं, ‘‘तुमचं गणित बरोबर होतं. माझंही होतं. त्याच गणिताने एक बाई गेली. ज्याला अनुभव आला तो आपण होऊन सांगायला येतो. ज्याला आला नाही, तो गप्प असतो. त्याला शोधून काढायचं काम आपलं आहे. हात जोडण्याआधी, औषध बंद करण्याआधी, तेवढे कष्ट घ्या. आणि सांगणाऱ्याच्या अंगावर भगवं असो, पांढरा कोट असो, नाहीतर हातात माझ्यासारखा खडू असो, शंका घ्या. मी चिडले तरी घ्या.’’

मग मागच्या बाकावरून एक हात वर झाला, आणि त्याच्या पाठोपाठ आणखी दोन.