तपासणीआधीचे अक्रोड

डॉक्टर दार ढकलून बाहेर आल्या, हातमोजे काढून कोपऱ्यातल्या डब्यात टाकले आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या,

“तुमच्या सासऱ्यांनी अक्रोड खाल्लेत.”

ती खुर्चीतून अर्धवट उठली होती, ती तशीच राहिली. गाठ, कर्करोग, ऑपरेशन, काय वाटेल ते ऐकायची तिने सकाळपासून मनाची तयारी केली होती. अक्रोडाची केली नव्हती.

“अक्रोड?”

“बदामही असावेत. मोठ्या आतड्यात जिथे बघावं तिथे तुकडे. पाणी मारलं तरी हलत नाहीत, ओढून घ्यायला जावं तर दुर्बिणीची नळीच तुंबते. अर्ध्याच्या पुढे मला जाताच आलं नाही. आठवडाभर सुकामेवा, बिया बंद, हे सांगितलं होतं ना तुम्हाला?”

सांगितलं होतं. आणि तिने ते घरी जाऊन आप्पांना इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी तेच हात जोडून म्हणाले होते, “मास्तरीणबाई, पाठ झालं. म्हणून दाखवू?”

मास्तरीण ती होतीच, गाडी शिकवण्यापुरती. धांदरटातल्या धांदरट माणसाला स्टिअरिंगवर बसवून भर वर्दळीतून न्यायची आणि तिचा आवाज कधी चढायचा नाही. पण त्या गाडीत तिच्या पायाखाली तिचा स्वतःचा ब्रेक असायचा. घरच्या माणसांना तशी सोय नसते.

“जेवढं दिसलं तेवढं कसं आहे?” तिने विचारलं.

“स्वच्छ आहे. पण रक्त वरच्या भागातून येत असेल तर आज मी काहीच सांगू शकत नाही. आणि या वयात रक्त जातंय म्हटल्यावर हे अर्धवट सोडून चालणार नाही.” डॉक्टर जरा थांबल्या. त्यांचाही वैताग लपत नव्हता. “एरवी खाऊ देत की अक्रोड. आतड्यातले चांगले जिवाणू त्यावर पोसतात, त्यातून आतल्या अस्तराला फायदा होतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण तो सावकाश, महिनोन् महिने खाऊन. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात घोकंपट्टी करून नाही!”

डॉक्टर आत गेल्या आणि ती परत खुर्चीत बसली. डोक्यात अशी तिडीक गेली होती की समोरच्या भिंतीवरचं हसऱ्या कुटुंबाचं चित्रसुद्धा तिला वेडावून दाखवतंय असं वाटायला लागलं.

काय काय केलं नव्हतं तिने या एका दिवसासाठी? आप्पांनी रक्ताचं लपवून ठेवलं होतं. ते धुण्याच्या कपड्यांत तिला दिसलं, तेव्हा “मूळव्याध असेल, होतं असं,” म्हणून उडवून लावलं. मग समजूत घालण्यात नाकी नऊ आले. मग तारीख मिळेना. नवरा कामासाठी परगावी, फोनवर “तू बघ गं तेवढं” म्हणण्यापुरता हजर. तिने शिकाऊ लोकांच्या वेळा पुढे ढकलल्या, त्यांची बोलणी खाल्ली, काल दिवसभर पोट साफ करायचं ते खारट औषध आप्पांच्या घशाखाली उतरवताना अंगाई म्हणायची तेवढी बाकी ठेवली. आणि या गृहस्थाने तोंड फिरवून अक्रोड चघळावेत! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

बरं, घरातली बरणी तिने माळ्यावर टाकली होती. म्हणजे हे महाशय स्वतः दुकानात जाऊन घेऊन आले असणार. दोन जिने उतरून, दोन जिने चढून. एरवी दूध आणायला सांगितलं की त्यांचा गुडघा धरायचा.

आणि आता ताईंना काय सांगायचं? ताई म्हणजे तिची नणंद, आप्पांची लेक. राहायची लांब, पण फोनवरून तिचं लक्ष थेट या स्वयंपाकघरात. आप्पांच्या पोटाचं कळल्यापासून तर तिला रोज नवी शंका यायची. “तू पाकिटातलं फार देतेस का गं त्यांना?” “तिकडे राहायला जायच्या आधी त्यांना पोटाचं कधी काही नव्हतं.” परवा तर स्पष्टच म्हणाली होती, “काही निघालं ना तपासणीत, तर मग आपल्याला बोलावं लागेल, काय खायला घालत होतात त्यावर.” हात भांड्यांत होते म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला होता. ऐकून घेतलं, “हो ताई” म्हणाली आणि एक पातेलं उगाचच दोनदा घासलं. आप्पा तेव्हा मागे टेबलाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पानसुद्धा हलवलं नव्हतं.

“पेशंटला भेटायचंय ना?” सिस्टरने दारातून हाक मारली. “गुंगी उतरतेय, पण पूर्ण नाही. आणि हे बघा, उद्या सकाळच्या एका पेशंटने रद्द केलंय. ती जागा मी तुमच्यासाठी धरून ठेवते. औषध मात्र पुन्हा सगळं घ्यावं लागेल. तयार होतील का ते?”

“न होऊन सांगतात कोणाला,” ती म्हणाली आणि पदर खोचावा तशी ओढणी खोचून आत गेली. काय काय बोलायचं ते तिने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं.

पडद्याआड आप्पा कुशीवर पडले होते. अंगात मागून बांधायचा तो दवाखान्याचा झगा, डोळे अर्धे मिटलेले, कवळी काढलेली, त्यामुळे गाल आत गेलेले. चाळीस वर्षं कारखान्याच्या बॉयलरवर काढलेला, एका हाताने झडपा फिरवणारा हा माणूस या पलंगावर मावून वर जागा उरली होती. तिने खुर्ची ओढली, तशी त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“चिमे, आलीस?”

चिमी म्हणजे ताई. ती काही बोलणार, तोच आप्पांनी तिचं मनगट धरलं.

“ऐक. कोणाला सांगू नकोस. मी सगळं घासूनपुसून ठेवलंय.” जीभ जड होती, पण शब्द कळत होते. “इन्स्पेक्टर यायचा ना, त्याच्या आधी आठवडाभर आम्ही बॉयलर आतून घासायचो. डाग राहू द्यायचो नाही. पेपरात आलं होतं, अक्रोड-बदामाने आतडं आतून सुधारतं. मूठमूठ खाल्ले. कवळीने चावत नाहीत गं ते, हिरड्या सोलून निघाल्या. पण खाल्ले.”

“कशाला?” तिच्या तोंडून निघून गेलं.

“काही निघायला नको. निघालं की तू त्या पोरीला बोलणार. ती बिचारी गरम गरम वाढते, माझ्यासाठी वेगळं करते, आणि वर तुझं ऐकून घेते. मला काय ऐकू येत नाही? काही सापडू द्यायचा नाही मी त्यांना. बघच तू.”

मनगटावरची पकड सुटली आणि ते घोरायला लागले. ठरवून आणलेलं सगळं बोलणं आता कामाचं राहिलं नव्हतं आणि राग कुठे ठेवावा हे तिला समजत नव्हतं. या माणसाला आधी हलवून हलवून विचारावं, की अहो, माझ्यावर बोल येऊ नये म्हणून स्वतःचं दुखणं लपवता? तुम्ही गेलात तर ते मला परवडणार आहे का? मग तिला रडू आलं आणि त्याचाही तिला राग आला.

बऱ्याच वेळाने आप्पांनी डोळे उघडले. या वेळी नजर स्वच्छ होती. त्यांनी आधी कवळी मागितली, लावली, आणि मगच विचारलं,

“झालं? काय निघालं?”

“अक्रोड निघाले.”

आप्पांनी छताकडे बघितलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“अर्धंच बघता आलं त्यांना. उद्या सकाळी परत यायचंय. का खाल्लेत?”

“भूक लागली होती,” आप्पा म्हणाले.

एवढ्यात तिचा फोन वाजला. ताईच. तिने घेतला, आणि स्पीकरची गरजच पडली नाही, कारण ताईंचा आवाज तसाही पडद्यापलीकडच्या पेशंटला ऐकू गेला असता.

“झाली तपासणी? काय म्हणाले?”

“पूर्ण नाही झाली ताई. आतडं साफ नव्हतं. सुकामेव्याचे तुकडे होते.”

“सुकामेवा? तो बंद होता ना? कोणी दिला?”

आप्पा पांघरुणाची कड दोन्ही हातांनी धरून पडले होते. बोलायला तोंड उघडत होते, मिटत होते.

“मीच दिला,” ती म्हणाली. “लक्षात राहिलं नाही माझ्या.”

आणि ताई जी सुरू झाली ती थांबेचना. एवढं साधं कळू नये? माझा बाप आहे तो! इतके दिवस मी काय बोंबलत होते? मला वाटलंच होतं, अगदी वाटलंच होतं. ती मध्ये मध्ये “हो ताई,” “चुकलं ताई” म्हणत राहिली. सिस्टरने पडदा सारून आत बघितलं आणि गुपचूप परत सारला. शेवटी ताईंचाच श्वास संपला आणि फोन बंद झाला.

आप्पांनी पाय पलंगाखाली सोडले. उठून बसायला त्यांना वेळ लागला. तिने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला.

“सिस्टरला सांग, उद्याची वेळ पक्की करा म्हणावं,” ते म्हणाले. “आणि त्या डॉक्टरबाईंना सांग, काय असेल ते नीट शोधा. सापडलं तर सापडू दे.”

तिने त्यांच्याकडे बघितलं, तसे ते म्हणाले,

“आता याहून जास्त काय बोलणार आहे चिमी तुला?”