दुमडल्या कानाची शेळी

ओल्या शाईवर कापसाचा तंतू येऊन बसला की करीमचाचा श्वास रोखून त्याच्याकडे पाहत. जणू तो उडाला तर सगळी दुपारच उडून जाईल. कार्तिकात सेलूच्या जिनिंगमधली पांढरी धूळ गावभर तरंगे आणि त्यांच्या ओसरीतले तिरपे ऊन दुधाळ होई. उर्दू पुस्तकांची पाने सुंदर अक्षरात हाताने लिहिणे हा त्यांचा पेशा. निजामी गेली, शाळा मराठी झाल्या आणि ते काम हळूहळू थांबले.

मी तेव्हा तरुण शिक्षक. मुलांसाठी मराठी चित्रपुस्तक काढायचे मी ठरवले आणि चित्रे चाचांकडे सोपवली. गोष्ट माझी होती : बाजारात हरवलेली शेळी घर शोधते. पण कागदावर ती गोष्ट निर्जीवच होती. चाचांनी शेळीचा एक कान दुमडला आणि गोष्टीत प्राण आला.

“मास्तर, पोरं नाव मागून वाचत्यात, कान आधी वळखत्यात.”

तो कान भीतीने ताठ होई, भुकेने लोंबे. मला शब्दांत न जमलेले सारे त्या बोटभर रेषेत होते.

सोळा चित्रे झाल्यावर चूक ध्यानात आली. उजवीकडून उघडणाऱ्या उर्दू पुस्तकांत मुरलेल्या त्या हाताने शेळीला उजवीकडून डावीकडे चालवले होते. मराठी पुस्तकात ती प्रत्येक पानावर मागेच फिरलेली दिसे. मी ओशाळून सांगितले. ते हसले.

“शेळी बी निजामाचीच निघाली की! आणा, वळवतो तिला.”

नजर अधू होत चाललेली असताना त्यांनी सोळाही चित्रे पुन्हा काढली. मागितले एकच.

“पयल्या पानावर माझं नाव तेवढं टाका. नात मराठी शाळेत जायलीय. तिला वाचू द्या.”

ते दिवस संशयाचे होते. पुस्तकावर मुसलमान नाव पाहून लोक काय म्हणतील, या भीतीने मी ते गाळले आणि माझे एकट्याचे ठेवले.

छापलेले पुस्तक घेऊन मी गेलो. नातीने पहिल्या पानावर बोट ठेवून एकेक अक्षर लावले, पान संपले, बोट थांबले.

“दादाजान, तुमचं कुठं हाय?”

चाचांनी माझ्याकडे पाहिले नाही.

“छापणाऱ्याच्या हातून राहिलं असंल, बेटा.”

आणि मी, समोर बसलेला मी, होकाराची मान हलवली.

चाचा गेले त्याला किती वर्षे झाली. आज लिहून ठेवतो : ती चित्रे शेख करीम यांची होती आणि छापणाऱ्याच्या हातून काहीही राहिले नव्हते. काळ माणसाला नेतो, त्याची शाईही फिकी करतो. पण त्या माणसाच्या थोरपणाआड लपून आपण पाळलेले क्षणभराचे मौन स्मृतीत वर्षागणिक गडदच होत जाते.