आभार नेहा मानेल

आमच्या विभागात सत्काराशिवाय काहीही होत नाही. नवा फळा आला तरी त्याच्यासमोर नारळ फुटतो आणि फळा आणून देणाऱ्या टेम्पोवाल्याला शाल मिळते. मी हे चिडून सांगतेय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. चार वर्षं मी या विद्यापीठात एम.ए. करतेय, आणि समाजशास्त्रापेक्षा समईत तेल किती घालायचं हे मला जास्त पक्कं येतं.

विद्यापीठ चाकणच्या पुढे, महामार्ग सोडून आत, एका लहानशा गावात आहे. एक एसटी स्टँड, दोन रसवंत्या आणि हे सरकारी विद्यापीठ, एवढाच त्या गावाचा पसारा. मी पिंपरीहून जाते. एरवी तळवड्याच्या एका छोट्या कंपनीत पार्ट तपासायचं काम करते. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून नोकरी करणाऱ्यांसाठी विभागानं गुरुवारी तास ठेवले. चांगलं केलं. पण गुरुवारी वर्ग भरलेला असतो हे विभागप्रमुखांच्या लक्षात आलं, आणि भरलेल्या वर्गासमोर कार्यक्रम शोभून दिसतो म्हणून सगळे कार्यक्रमही गुरुवारीच होऊ लागले. तास बुडायला लागले ते तेव्हापासून.

विभागप्रमुख म्हणजे डॉ. हरिहर टिळेकर सर. माणूस वाईट नाही. कुणाचा मान राहून जाईल ही त्यांना सतत धास्ती असते, एवढंच. पहिल्या दिवशी मी हजेरीला ‘प्रेझेंट सर’ म्हटलं तर ते थबकले. म्हणाले, "आवाज खणखणीत आहे तुझा. आजचं सूत्रसंचालन तू कर." तेव्हापासून जो माईक हातात आला तो सुटलाच नाही. प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी ठरलेली ओळ असते, ‘आभार नेहा मानेल’. शालींच्या कपाटाची किल्लीही माझ्याकडेच. विभागातल्याच माणसांना दिलेल्या शाली कार्यक्रमानंतर घडी घालून परत कपाटात जातात. माझ्या गाईड निवेदिता मॅडमच्या खांद्यावर एकच जांभळी शाल मी इतक्यांदा पाहिलीय की ती त्यांचीच वाटते.

निवेदिता मॅडम तासाच्या हिशोबानं शिकवतात. पुढच्या वर्षी त्यांना ठेवायचं की नाही हे टिळेकर सरांच्या हातात, त्यामुळे त्या कशालाच नाही म्हणत नाहीत. माझा प्रबंध मात्र त्यांनी मनापासून करून घेतला. विषय मीच निवडला होता. नवरा एका पाळीत आणि बायको दुसऱ्या पाळीत असलेली घरं. चाकण, महाळुंगे, तळवडे, अशा घरांना आमच्याकडे तोटा नाही. तो कामावरून येतो तेव्हा ती निघालेली असते. माझंच घर तसं आहे. आई भोसरीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये पहाटेच्या पाळीला जाते, आणि पप्पा रिटायर झाल्यापासून चिंचवडच्या एका सोसायटीत रात्रीचे वॉचमन आहेत. पप्पांनी मुद्दाम गुरुवारची सुट्टी मागून घेतली, आईबरोबर मिळावी म्हणून, आणि ती झोपून काढतात.

प्रबंध लिहून, बांधून कधीच तयार होता. राहिली होती व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकदा तारीख ठरली तर त्या दिवशी हॉलमध्ये रांगोळी स्पर्धा निघाली. एकदा परीक्षक आले, त्यांचा सत्कार झाला, त्यांच्याबरोबर आलेल्यांचाही झाला, आणि जेवून ते निघून गेले. एकदा तर टिळेकर सरांचाच सत्कार होता, आणि तो सरांनी स्वतःच ठरवला होता. असं करत करत नोंदणीची मुदत संपत आली. आज गुरुवार, मुदतीचा शेवटचा दिवस. आज व्हायवा झाली नाही तर नोंदणी रद्द, आणि पहिल्या सत्रापासून सगळं परत.

सकाळी डबा भरताना आई म्हणाली, "आज तरी घेतील का गं तुझी परीक्षा?"

"घेतील. आज घ्यावीच लागेल."

"मागच्या टायमालाबी असंच म्हणली होतीस." आतल्या खोलीत पप्पा रात्रपाळी करून येऊन झोपले होते, म्हणून ती हळू बोलत होती.

यावेळच्या परीक्षक डॉ. मृदुला गोगटे, दुसऱ्या विद्यापीठातून येणार होत्या. चाकणच्या चौकात त्यांची गाडी अडकली आणि त्या पोचायला बारा वाजले. काखेत माझा प्रबंध, त्यातून कागदाच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. ते बघून बरं वाटलं. कुणीतरी वाचलाय.

"तूच नेहा का? चल, बसू या. मला दोनला निघायचंय, संध्याकाळी अजून एक परीक्षा आहे," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात टिळेकर सर गुलाबाचं फूल घेऊन आडवे आले. "मॅडम, आधी छोटासा कार्यक्रम आहे. आपल्या हस्ते संशोधन कक्षाचं उद्घाटन ठेवलंय."

संशोधन कक्ष म्हणजे ज्या खोलीत शालींचं कपाट आहे ती खोली. कालपर्यंत तिला स्टोअर म्हणत होतो.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, आधी व्हायवा घेऊ या का? अर्ध्या तासाचं तर काम. आज शेवटचा दिवस आहे."

"अगं, पाहुण्यांना आल्या आल्या कामाला जुंपायचं? बरं दिसतं का ते? होईल तुझी व्हायवा. माईक घे."

मी माईक घेतला. नाही म्हणायला हवं होतं, पण चार वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे होतो. समई पेटेना म्हणून पंखे बंद केले. पंखे बंद झाल्यावर पहिल्या रांगेतले चाकणचे नगरसेवक घामाघूम होऊन बाहेर गेले, मग ते परत येईपर्यंत थांबलो. मी परिचय चार ओळींत गुंडाळला तर सरांनी माईक घेऊन राहिलेला सगळा वाचला. मी स्वागतगीत गाळलं तर मुली आधीच पेटी घेऊन येऊन बसल्या होत्या. सत्कार सुरू झाले. नगरसेवकांचा, निवृत्त कुलसचिवांचा, कक्षाला रंग देणाऱ्याचा. मी एकेक नाव पुकारत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. निवेदिता मॅडमच्या खांद्यावर जांभळी शाल पडली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून मान खाली घातली. मला त्यांचाही राग आला.

मग अध्यक्षीय भाषण. सर विभागाची वाटचाल सांगायला लागले, आणि ती ते विभाग सुरू झाला त्या दिवसापासून सांगतात. मृदुला मॅडमनी दोनदा घड्याळ पाहिलं. सर भाषण संपवून खुर्चीत बसले तेव्हा त्या त्यांच्याकडे वाकून म्हणाल्या, "सर, पाऊण तासात माझी गाडी निघेल. त्या मुलीची परीक्षा?"

मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"त्याचं काही नाही हो. मुलगी गुणी आहे, सगळे कार्यक्रम तीच करते. तुम्ही सही करून टाका, मार्क मी सुचवतो. व्हायवा म्हणजे काय, औपचारिकता."

"मी हा प्रबंध पूर्ण वाचलाय. प्रश्न विचारल्याशिवाय मी सही करत नाही."

"मग जेवणानंतर बघू. पंगत तयारच आहे, आणि नगरसेवकांना पानावरून उठवता येणार नाही."

खोटं कशाला बोलू, क्षणभर मनात आलं, करून टाका ना बाई सही. सुटेन एकदाची. आणि लगेच अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं दर गुरुवारी धक्के खात येते मी. या चार वर्षांत मला इथे कुणी एक प्रश्न विचारला नाही. नेहा, शाली कुठेत, नेहा, नारळ कुठेय, याच्यापलीकडे काही नाही. सही मला हवीच होती. पण त्याआधी कुणीतरी मला विचारावं, हे त्याहून जास्त हवं होतं.

"आता आभार," सर म्हणाले. "थोडक्यात आटप हं नेहा, पानं वाढलीत."

मी माईकपाशी गेले. मान्यवरांचे आभार एका वाक्यात मानले. आणि थांबले नाही.

"यानंतर मी कस्तुराताईंचे आभार मानते. त्या महाळुंग्याला राहतात, मूळच्या परभणीच्या. त्यांचे मिस्टर रात्रपाळीला आणि त्या दिवसपाळीला असतात. घरात एकच गादी आहे. ती सकाळी उचलायची नाही, कारण एक उठला की दुसरा झोपतो, हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. पाळी बदलली की आधी घर बदलतं, हा माझ्या प्रबंधाचा पहिला मुद्दा त्या गादीवरून निघाला."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. सर माझ्याकडे बघून हातानं ‘आवर’ अशी खूण करत होते.

"तळवड्याच्या एका जोडप्याचे आभार. त्यांचं भांडण फोनवर रेकॉर्ड करून चालतं. तो कंपनीच्या बसमध्ये तिचं ऐकतो, ती भाकरी करताना त्याचं. उत्तर यायला आठ तास लागतात, तोवर राग उतरतो किंवा दुप्पट होतो. ज्या घरांत दोघांच्या पाळ्या दर आठवड्याला फिरतात तिथे तो जास्त करून दुप्पट होतो, असं मला आढळलं."

कुणीतरी हसलं. मृदुला मॅडमनी चष्मा लावला आणि प्रबंध उघडला.

"थांब," त्या जागेवरूनच म्हणाल्या. "ही माणसं घरी एकत्र कधी नसतातच, असं तू म्हणतेस. मग दोघांना एकत्र बसवून मुलाखती घेतल्यास कधी?"

टिळेकर सर अर्धवट उठले. "मॅडम, कार्यक्रमपत्रिकेत प्रश्नोत्तरं नाहीत."

"व्हायवा खुली असते सर. गाईड आहेत, विभागप्रमुख आहेत, परीक्षक आहे. अजून कोण हवंय?"

सर बसले. निवेदिता मॅडमनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि वही उघडली. मला घाम फुटला होता. पंखे अजून बंदच होते.

"गुरुवारी, मॅडम," मी म्हणाले. "इथला कार्यक्रम लवकर आटपला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याकडे उतरायचे."

"म्हणजे आठवड्यातला त्यांचा एकत्र असण्याचा एवढाच वेळ, तो तू घेतलास. हे संशोधक म्हणून तुला योग्य वाटलं?"

पहिलाच प्रश्न आणि वर्मी बसला.

"मलाही तसंच वाटलं होतं. कस्तुराताईंना मी म्हटलं, तुमचा वेळ खातेय, आता येत नाही. त्या म्हणाल्या," आणि मी त्यांच्याच शब्दांत सांगितलं, "‘तू आलीस की हे उठून बसतेत बाई. न्हाई तर बस्तरवारी हे झोपतेत अन् मी धुणं धुते. तुझे प्रश्न संपले तरी येत जा.’ मॅडम, एकत्र सुट्टी मिळाली म्हणजे एकत्र वेळ मिळाला असं मी धरून चालले होते. ते माझं गृहीतकच चुकलं. शेवटचं प्रकरण मी त्यावर परत लिहिलं."

मॅडमनी काहीतरी टिपलं. मग त्यांनी पद्धतीबद्दल विचारलं, नमुना कसा निवडला ते विचारलं, एका कोष्टकातली चूक दाखवली. ती चूक खरीच होती. मी कबूल केली. स्वयंपाकघरातून कुणीतरी येऊन दारात उभं राहिलं आणि तसंच परत गेलं.

"शेवटचं," त्या म्हणाल्या. "प्रस्तावनेत लिहिलंयस की तुझे आईवडीलही वेगवेगळ्या पाळ्यांत आहेत. त्यांना विचारलंस का हे सगळं? प्रबंधात घेऊ नकोस, ते ठीक. पण सहज, घरी?"

"नाही मॅडम."

"का?"

मी उत्तर शोधत नव्हते. ते तयारच होतं, फक्त मी ते आधी कधी म्हटलं नव्हतं.

"त्यांची सुट्टी गुरुवारी असते. आणि दर गुरुवारी मी इथे असते."

माईक चालू होता, त्यामुळे ते हॉलभर ऐकू गेलं. टिळेकर सर समोरच्या नारळाकडे बघत राहिले. मृदुला मॅडमनी तिथेच टेबलावर, गुलाबांच्या बाजूला, माझ्या कागदांवर सही केली आणि न जेवता गाडीत बसल्या.

गर्दी पंगतीकडे गेली. मी सवयीनं शाली गोळा करायला लागले तेव्हा सर आले. हातात एक नवी, प्लॅस्टिकमधली शाल होती. ती त्यांनी मला द्यायला म्हणून पुढे केली, आजूबाजूला बघितलं, टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं.

"ही कपाटात नको ठेवू," ते म्हणाले. "आणि कपाटाची किल्ली... राहू दे आता ते काम. माझ्याकडे दे."

मी किल्ली दिली. जेवायला थांबले नाही.

घरी पोचले तेव्हा उजेड होता. पप्पा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आई मोरीत चादरी आपटत होती.

"झाली का गं?"

"झाली. पास झाले."

ती ओल्या हातांनीच बाहेर आली, माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला, माझा गाल ओला केला आणि परत मोरीकडे निघाली. मी नळ बंद केला. आत जाऊन पप्पांना हलवलं. ते दचकून उठले, ड्यूटीला उशीर झाला असं वाटून शर्ट शोधायला लागले.

"आज गुरुवार आहे पप्पा. बाहेर या. आई, तू पण बस, इथे, त्यांच्याशेजारी."

आई साडीला हात पुसत पलंगाच्या कडेला टेकली. पप्पा डोळे चोळत तिच्या बाजूला बसले. दोघंही जरा अवघडले होते.

"आता पास झालीस ना," आई म्हणाली, "मग अजून काय इचारायचं ऱ्हायलंय?"

"काही नाही," मी म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. "नुसतं बसा."