पुळणीवरची चौकी

झुबेदाने चप्पल काढली आणि टाचेने ओल्या वाळूत लांबलचक रेघ ओढली.

"पाणी इथवर येतं. ह्याच्या वर नाय."

विनीतने रेघेकडे पाहिलं, मग समुद्राकडे, आणि रेघेच्या दहा पावलं वर खुंट ठोकायला सांगितलं. तिथे विक्टोरिया राणीच्या काळातली पोलीस चौकी उभी राहणार होती. टीव्हीवर गाजत असलेल्या एका गुन्हेमालिकेचा तो दिग्दर्शक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे खून आणि ते उलगडणारा एक देशी फौजदार, अशी ती मालिका. बुरोंडीच्या पुळणीवर तो दुसऱ्यांदा आला होता. त्याच्या माणसांना दोन वेळ माशाचं कालवण-भात करून घालणारी ही बाई कोण, हे त्याने विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं.

रेघ खोटी नव्हती. त्या दिवशी पाणी खरंच तिथवर आलं आणि मागे फिरलं. पण ते भांगाचे दिवस होते, भरतीत जोर नव्हता. नवा चांद दिसला की तिसऱ्या दिवशीचं उधाण थेट सुरूच्या मुळांना जाऊन लागतं, हे गावातलं कोणीही सांगितलं असतं. विनीतने विचारलं ते फक्त झुबेदाला.

दोन वर्षांपूर्वी, २००१ साली, ह्याच किनाऱ्यावर त्याला होडीतून उडी टाकून पळणारा कैदी हवा होता. मुंबईच्या नटाला पोहता येत नव्हतं, म्हणून पाठमोरा गफूर उभा केला. गफूर झुबेदाचा नवरा. सगळा जन्म दर्यावर गेलेला. कैद्याच्या पायांसाठी पत्र्याच्या हलक्या बेड्या करून आणल्या होत्या. विनीतने त्या वाळूत भिरकावल्या. पत्र्याच्या बेड्या घातलेला माणूस चालतो तेव्हाच बघणाऱ्याला त्यांचा खोटेपणा कळतो, असं त्याचं म्हणणं. चिपळूणच्या एका भंगारवाल्याकडून जुना लोखंडी साखळदंड आला. गफूर तो घालून हसत होडीत चढला. उडी मारल्यावर त्याचा हात तीनदा वर आला. किनाऱ्यावरच्यांना वाटलं, काय झकास करतोय. चौथ्यांदा हात वर आला नाही तेव्हा माणसं धावली.

अपघात म्हणून कागद झाला. त्यावर झुबेदाने सही केली. नशीब म्हणून तिने ते गिळलंही असतं. पण चार महिन्यांनी धाकट्या दिराच्या, अक्रमच्या, घरी सगळे टीव्हीपुढे बसले असताना तो भाग लागला. कैद्याने उडी मारली. हात वर आला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मागे सारंगी वाजत होती. झुबेदाच्या नऊ वर्षांच्या लेकीने, महरीनने, तिच्याकडे वळून विचारलं, "अब्बा ना?" पुढच्या आठवड्यात पेपरात कोणीतरी लिहिलं, की इतकं अस्सल बुडणं मराठी पडद्यावर आजवर दिसलं नव्हतं. त्यानंतर झुबेदा रडली नाही. ती वाट बघू लागली. विनीतची माणसं परत आल्याचं कळताच तीच जाऊन म्हणाली, जेवणाचं मी बघते.

चौकी नऊ दिवसांत उभी राहिली. विनीतला प्लायवूडच्या भिंती चालत नव्हत्या. खरा जांभा रचून वर चुना फासला. चौकीतले कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळे केले. हवालदार झालेल्या नटाच्या मनगटावर घड्याळाखालच्या कातडीचा फिकट पट्टा राहिला होता. तो विनीतने लांबून ओळखला आणि काजळीने बुजवायला लावला. झुबेदा ताटं वाढता वाढता बघत होती. मनगटावरचा पट्टा दिसणाऱ्या त्या डोळ्यांनी रोज तिच्या हातून भात घेतला, पण एकदाही वर पाहिलं नाही.

चांद दिसला त्या संध्याकाळी अक्रम मासे घेऊन आला. टोपली खाली ठेवली तरी तो जाईना.

"भाभी, परवाच्या उधाणात ती चौकी ऱ्हायची नाय. त्यांना सांगू?"

"परवा जेवण लवकर काढायचंय," झुबेदा म्हणाली. "सगळ्यांना वर सुरूत बसव. एक माणूस खाली ऱ्हाता नये."

अक्रम तिच्याकडे बघत राहिला. मग पायऱ्या उतरून गेला.

उधाणाच्या दिवशी दुपारी साडेबाराला पाणी चौकीच्या जोत्याला लागलं. लाटा मोठ्या नव्हत्या. पाणी नुसतं चढत होतं, घाई नसल्यासारखं. सुरूच्या सावलीत पंगत बसली होती. कोणीतरी ओरडलं आणि माणसं ताटावरून उठली. तोवर टेबल, दौती, राणीची तसबीर दारातून तरंगत बाहेर आली होती. मालिकेचा व्यवस्थापक डोकं धरून खाली बसला.

झुबेदा विनीतचा चेहरा बघत होती. ह्या चेहऱ्यासाठी तिने दीड वर्ष काढलं होतं. तो आधी पांढरा पडला. मग हळूहळू उजळला.

"रघू, कॅमेरा लाव. जोतं खचतंय, चौकी पडणार. एवढं अस्सल मागून मिळत नाही."

रघूने कॅमेरा लावला. विनीत हसत होता.

झुबेदाने हातातली पळी पातेल्यात ठेवली. ती उतार उतरली आणि पाण्यात शिरली. आधी ढोपरभर, मग कमरेइतकं. अंगात पिवळ्या नायलॉनचा गाऊन, डोक्यावर ओढणी. चौकीच्या दारासमोर, भिंत अंगावर येणार नाही एवढं अंतर राखून, ती कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"ओ बाई, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय," विनीत वरून ओरडला.

ती हलली नाही. विनीत पाण्याच्या कडेपर्यंत धावत आला. कोण ही, कोणाची, इथे कशी आली, असं तो मागे वळून सगळ्यांना विचारू लागला.

"गफूरची बायको," झुबेदा म्हणाली.

"कोण गफूर?"

रघूने कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला. गफूर बुडाला त्या दिवशीही कॅमेऱ्यामागे तोच होता. तो विनीतकडे बघत राहिला, जणू उत्तर विनीतनेच द्यायचं होतं.

तेवढ्यात समुद्राकडची भिंत बसली. तिच्यापाठोपाठ कौलं, दार, उरलेल्या भिंती. पाण्याचा लोट झुबेदाच्या पाठीवर आदळला. ती डगमगली, पण पाय रोवून राहिली. गाऊनचा पिवळा घेर तिच्याभोवती पाण्यावर पसरला.

"चालू होता ना?" विनीतने विचारलं. "रघू, चालू होता ना?"

रघूने भिंगावर झाकण बसवलं, कॅमेरा खांद्यावर घेतला आणि तो उतार चढू लागला.

ओहोटी लागेपर्यंत झुबेदा तिथून हलली नाही.